सातपुड्यात होळीला पाहुणे म्हणून जाताना

शहादा, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील केळी, ऊस आणि पपईची शेते संपली की सातपुड्याचा चढ सुरू होतो. खान्देश तोच राहतो, पण समाजाची घडी बदलते. डोंगरात घरे एका गल्लीत दाटीने उभी नसतात; प्रत्येक घर आपापल्या शेताजवळ, टेकडीच्या उतारावर वेगळे असते आणि एका गावाचे सहा-सात पाडे डोंगरभर पसरलेले असतात. लग्न ठरताना पैसा मुलीच्या बापाकडून नव्हे, तर मुलाच्या बापाकडून निघतो. वर्षाचा मोठा सण दिवाळी नसून होळी असते आणि ती सर्व गावे एकाच दिवशी पेटवत नाहीत.

हा लेख जळगाव, धुळे, नाशिक किंवा पुण्याकडून पहिल्यांदाच या भागात होळीसाठी जाणाऱ्या वाचकांसाठी आहे. आरंभीच एक गोष्ट लक्षात घ्यावी. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला आणि २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी हे येथील बहुसंख्य लोक आहेत. तेव्हा डोंगरात गेल्यावर चमत्कारिक दिसणारा, कोणाचा कोण हे न कळणारा आणि चालीरीती ठाऊक नसलेला माणूस म्हणजे आपण स्वतः. ज्याने हे आधीच मान्य केले, त्याचा प्रवास बराच सोपा होतो.

कधी जावे

फाल्गुन पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक बाजारगावी जो आठवडे बाजार भरतो, त्याला भोंगऱ्या बाजार म्हणतात. त्यानंतर होळ्या सुरू होतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी सर्वांत प्रसिद्ध आहे आणि ती पौर्णिमेच्या रात्री असते. इतर गावांच्या होळ्या पुढेमागे, गावातील जाणत्यांनी ठरवलेल्या दिवशी पेटतात. त्यामुळे भिंतीवरचे कॅलेंडर पाहून सुटी टाकणे काठीपुरते ठीक आहे, पण एखाद्या लहान गावाची होळी पाहायची असेल तर त्या गावातूनच दिवस विचारून घ्यावा लागतो. माझे मत विचारल्यास, पहिल्या खेपेला चार दिवस हाताशी ठेवावेत, म्हणजे एक भोंगऱ्या, काठीची रात्र आणि त्यानंतर एखाद्या लहान गावाची होळी एवढे नीट होते. एका रात्रीत काठी उरकून सकाळी परत फिरणारे पुष्कळ आहेत. त्यांना गर्दी दिसते, गाव दिसत नाही.

ज्यांना होळीला जमत नाही, त्यांच्यासाठी महाशिवरात्रीला गुजरातमधील सागबारा तालुक्यात देवमोगरा येथे भरणारी याहामोगी मातेची यात्रा आणि दिवाळीच्या दिवसांत अस्तंब्याच्या डोंगरावर चढणारी, अश्वत्थाम्याच्या नावाने होणारी यात्रा हे दोन पर्याय आहेत. अस्तंब्याची चढण खडतर आहे आणि ती हौसेने अंगावर घेऊ नये.

कोणाकडे जावे

सर्व तयारीत महत्त्वाची तयारी हीच आहे. सातपुड्यातील गावात शिरलेल्या अनोळखी माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो, तो कुठून आलात हा नसून कोणाकडे आलात हा असतो. त्याचे उत्तर तयार नसेल तर लोक अपमान करत नाहीत, पाणीही देतात, पण मनातून सावध होतात. या सावधपणाला कारणे आहेत. या डोंगरात बाहेरून आलेला माणूस पिढ्यानपिढ्या बहुधा काहीतरी न्यायला किंवा मोजायलाच आला: सावकार, जंगलाचा शिपाई, लाकडाचा ठेकेदार, आणि पुढे सरदार सरोवराच्या पाण्याची पातळी आखणारे कर्मचारी. त्या धरणामुळे महाराष्ट्रातील अक्राणी (म्हणजे धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली, आणि अनेक कुटुंबांना तळोदा व शहादा तालुक्यांतील वसाहतींत नव्याने घर मांडावे लागले. अशा ठिकाणी वही काढून घराघरांतून फिरणारा हौशी प्रवासी कसा दिसत असेल, याचा विचार जाण्यापूर्वीच करावा.

म्हणून आधी एखादे घर जोडावे. त्यासाठी फार मोठ्या ओळखी लागत नाहीत. आश्रमशाळेतील शिक्षक, आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका, आशा कार्यकर्त्या, आपल्या गावी ऊसतोडीला किंवा शिक्षणाला आलेली मुले, आपल्या कचेरीतील एखादे पाडवी, वसावे, वळवी किंवा पावरा आडनावाचे सहकारी, यांच्यापैकी कोणीतरी बहुतेक खान्देशी माणसाच्या ओळखीचे असतेच; आजवर आपण त्यांच्या गावची चौकशी केलेली नसते, इतकेच. त्यांना सरळ सांगावे की होळीला तुमच्या गावी यायचे आहे, दोन दिवस राहायचे आहे, जमेल का. नाही म्हणाले तर आग्रह धरू नये. होळीला कामासाठी सुरतेकडे, सौराष्ट्रात किंवा ऊसपट्ट्यात गेलेली माणसे घरी परततात. त्या दिवसांत घरात आधीच गर्दी असते आणि त्यांना आपल्या माणसांबरोबर राहायचे असते.

होकार मिळाला तर त्या घरातील एका माणसाने गावाच्या पोलीस पाटलाला, कारभाऱ्याला आणि पुजाऱ्याला आपली ओळख करून द्यावी, अशी विनंती करावी. पुजारा गावाचे देवकार्य पाहतो, कारभारी व्यवहार पाहतो आणि तंट्यात शब्द चालतो तो जाणत्या पंचांचा. ही माणसे पदाची पाटी लावून बसत नाहीत. अंगावर बंडी, कमरेला लंगोटी किंवा साधी पँट असा वृद्ध मनुष्य खाटेवर बसलेला दिसतो आणि साऱ्या गावाचा निर्णय त्याच्याकडे असतो. त्यांच्याशी बोलताना अहो-जाहो करावे. आपल्याकडील पुष्कळ माणसे डोंगरातल्या माणसाला, तो वडिलांच्या वयाचा असला तरी, बाजारात सर्रास अरे-तुरे करतात. ती सवय सोबत नेऊ नये. पुरुषाला दादा किंवा आबा, बाईला ताई किंवा मावशी म्हटले तर कुठेही खटकत नाही. नमस्काराला जोहार म्हणतात, राम राम म्हटलेलेही चालते.

भाषेची अडचण मात्र येते. अक्कलकुव्याच्या बाजूला देहवाली, धडगावच्या बाजूला नोएरी आणि पावरी, नवापूरकडे मावची बोलतात. शाळेत गेलेल्या मुलांना मराठी येते, बऱ्याच पुरुषांना गुजराती किंवा हिंदी येते, पण प्रौढ स्त्रियांशी बोलायला बहुतेक वेळा दुभाषाच लागतो. अहिराणी येते म्हणून निभावेल, या भरवशावर जाऊ नये.

प्रवास आणि सामान

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार स्थानकावर उतरून एसटीने तळोदामार्गे अक्कलकुवा गाठावे. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगी आणि तेथून काठी असा रस्ता आहे. धडगावला जायचे असेल तर तळोद्याच्या बाजूने चांदसैली घाटातून किंवा शहाद्याकडून वर चढता येते. दोन्ही घाट वळणांचे आणि अरुंद आहेत, पावसाळ्यात दरडी येतात, आणि होळीच्या आठवड्यात क्रुझर व काळीपिवळ्या टपापर्यंत भरून धावतात. स्वतःची गाडी असेल तर अंधार पडण्यापूर्वी घाट चढावा. नसेल तर सकाळची पहिली बस धरावी.

काठीत लॉज नाही. मुक्काम यजमानांच्या घरी किंवा खाली अक्कलकुवा, तळोदा, शहादा, नंदुरबार येथे करावा लागतो. मार्चमध्ये दिवसा तापीच्या खोऱ्यात ऊन चटका देते आणि डोंगरावर पहाटे हुडहुडी भरते, तेव्हा टोपी आणि शाल दोन्ही हवीत. पाण्याची मोठी बाटली, विजेरी, नेहमीची औषधे, सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात. मोबाइलला सर्वत्र रेंज मिळत नाही, म्हणून फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नये. ग्रामीण रुग्णालये अक्कलकुवा, मोलगी आणि धडगाव येथे आहेत.

भोंगऱ्याचा बाजार

या बाजाराविषयी सपाटीवर एक कथा चवीने सांगितली जाते: तरुण-तरुणी येथे एकमेकांना पसंत करतात, गुलाल लावतात, विडा देतात आणि तेथूनच पळून जातात. दरवर्षी वर्तमानपत्रांतही ती थोड्याफार फरकाने छापून येते. आदिवासी समाजातील कार्यकर्ते आणि लेखक या वर्णनाला वर्षानुवर्षे जाहीर हरकत घेत आले आहेत. भोंगऱ्या हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे. होळीच्या पूजेला लागणाऱ्या डाळ्या, गूळ, खजूर, नारळ, साखरेचे हार-कंगण, नवे कपडे, ढोलाच्या दोऱ्या हे सारे तेथे घेतले जाते. वर्षभर कामाला बाहेर असलेली माणसे भेटतात, नातेवाईक भेटतात, आणि तरुण माणसे जशी कोणत्याही जत्रेत एकमेकांकडे पाहतात तशी येथेही पाहतात. त्यासाठी कॅमेरा घेऊन मुलींच्या मागे फिरणाऱ्या बाहेरच्या पोरांना अलीकडे काही ठिकाणी लोकांनी हटकले आहे, आणि योग्यच केले आहे.

बाजारात सकाळी लवकर पोहोचावे. दुपारपर्यंत पाड्यापाड्यांतून ढोल येऊ लागतात. येथील ढोल अंगाने एवढा मोठा असतो की तो गळ्यात अडकवून नाचणाऱ्याची कमर वाकून जाते, आणि पाच-दहा ढोल एकत्र आले की शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. एकसारख्या रंगाच्या साड्या नेसून, हातात हात गुंफून स्त्रियांच्या रांगा नाचतात. गळ्यात, दंडात आणि पायांत चांदी असते. पाहुण्या पुरुषाने त्या रांगेत स्वतःहून घुसू नये. कोणी हात धरून बोलावले तर संकोच न करता जावे आणि ठेका चुकला म्हणून हसले तर आपणही हसावे.

यजमानांसाठी भेट येथेच घ्यावी. डाळ्या, गूळ, खजूर, हार-कंगण, नारळ, घरासाठी तेल आणि चहापत्ती या वस्तू शोभतात, कारण त्या सणाच्या आहेत आणि घरातल्या सर्वांच्या उपयोगाच्या आहेत. मुलांना वाटायला गोळ्या-चॉकलेटांची पिशवी नेणे टाळावे. जुने कपडे नेणे तर अजिबात करू नये; पाहुणा घरी येताना आपले उतरलेले कपडे आणत नसतो. मोलगीच्या बाजारात आमचूर मिळतो, आणि तो स्वतःसाठी घ्यायला हरकत नाही. आंबे सोलून, कापून, वाळवण्याचे सारे काम घरोघरी हाताने होते, तेव्हा पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करण्याऐवजी सांगितलेला भाव द्यावा.

यजमानांच्या घरी

घराच्या भिंती बहुधा बांबूच्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या असतात आणि वर नळीची कौले असतात. अलीकडे सिमेंटची घरेही वाढली आहेत. आत एका बाजूला माणसे आणि दुसऱ्या बाजूला गुरे-शेळ्या राहतात. धान्याच्या कणग्या आणि घरातील देवाची जागा कुठे आहे हे आधी विचारून घ्यावे आणि तिकडे आपणहून जाऊ नये. बसायला खाट पुढे केली जाते. ती घरातील एकच खाट असण्याची शक्यता असते, तरी नाकारू नये.

चहा बहुतेक ठिकाणी कोरा मिळतो. जेवणात ज्वारी किंवा मक्याची भाकर, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी, सणाला कोंबडी किंवा बोकड असतो. पाहुणा म्हणून पहिले ताट आपल्यापुढे येते. त्यात घेतले तेवढे संपवावे. मांसाहार करत नसाल तर पोहोचल्याबरोबर सांगावे, कारण कोंबडी कापून झाल्यावर सांगण्याइतके वाईट दुसरे काही नाही. पावसाळ्यानंतर गेलात तर आणखी एक नियम आहे: शेतातील नवे धान्य आणि नव्या भाज्या नवाईची पूजा होईपर्यंत खात नाहीत, तेव्हा शेतातील काकडी किंवा कणीस सहज म्हणून तोडू नये.

मोहाच्या दारूविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. पूजेत देवाला आणि पूर्वजांना दारूची धार देतात आणि पाहुण्यालाही ती देऊ करतात. घ्यायची नसेल तर दोन्ही हात जोडून, हसून नाही म्हणावे. कोणी मनावर घेत नाही. सगळेच घेतात असा समज मात्र करून घेऊ नये. तळोदा तालुक्यातील मोरवड येथे १९३० च्या दशकात गुलाम महाराजांनी जी आरतीची चळवळ सुरू केली, तिच्यात दारू आणि मांस सोडण्याची शिकवण होती. लहानथोर, स्त्री-पुरुष सर्वांना ‘आप’ म्हणून संबोधण्याचा तिचा आग्रह होता, आणि १९३८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ती पुढे नेली. त्या परंपरेतील कुटुंबे आजही आहेत. अशा घरी जाऊन ‘मोहाची मिळेल का’ असे विचारणारा पाहुणा आपली आणि आपल्याला पाठवणाऱ्याची, दोघांचीही शोभा करतो. बाजारात किंवा रस्त्यावर दारू शोधत फिरणे तर सरळ गैर आहे. राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्यात अडकतो तो बहुधा विकणारा गरीब माणूस.

काठीची रात्र

काठी हे ब्रिटिश काळात खान्देशातील सहा मेवासी, म्हणजे डोंगरातील सरदारांच्या लहान संस्थानांपैकी एकाचे ठिकाण होते. चिखली, नाला, नवलपूर, सिंगपूर आणि गव्हाळी ही बाकीची संस्थाने. संस्थान गेले, पण होळीचा मान राहिला आणि तिला राजवाडी हे नावही राहिले. ही होळी १२४६ सालापासून पेटते असे येथील लोक सांगतात. होळीमागे राजा पांठा, गांडा ठाकूर आणि याहामोगी यांच्या कथा आहेत. त्या प्रत्येक पाड्यात थोड्या वेगळ्या सांगितल्या जातात, म्हणून एकीला खरी ठरवण्याच्या भानगडीत पडू नये, यजमानांकडून त्यांची ऐकावी.

होळीचा दांडा म्हणजे एकच उंच, सरळ बांबू. तो सत्तर फुटांच्या आसपास असतो आणि गुजरातच्या हद्दीतील जंगलातून निवडून खांद्यावरून आणला जातो. तो रोवण्याचा खड्डा कुदळ-फावड्याने नव्हे, तर हातांनी माती उकरून खोदतात, आणि उकरणाऱ्यांची पाळी बदलत राहते. त्या वेळी आपणही चार मुठी माती काढाव्यात असे पाहुण्याला हमखास वाटते. यजमानांनी स्वतः सांगितल्याखेरीज तसे करू नये. ते काम कोणाचे, हे ठरलेले असते.

दुपारपासून गेर येऊ लागतात. गेर म्हणजे एकेका गावाचा नाचणारा जथा. त्याचा प्रमुख मोरखी. त्यात बुध्या ओळखायला सोपे असतात: अंगभर राख आणि पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा मोरपिसे खोचलेला उंच टोप, कमरेला सुकवलेले भोपळे आणि घुंगरे, पायांत काही नाही. त्यांच्या जोडीला बावा असतात, काळे फासलेले आणि स्त्रीवेष घेतलेले पुरुष असतात, शिकारी असतात. बाहेरच्या माणसाला हे सोंग वाटते. ते सोंग नाही. यांतील बहुतेकांनी मूल व्हावे, आजार बरा व्हावा, गुरे जगावीत म्हणून नवस बोललेला असतो, आणि तो फेडण्यासाठी होळीच्या आधीचे काही दिवस ते कडक पाळणूक करतात: खाटेवर झोपत नाहीत, अंघोळ करत नाहीत, अनवाणी चालतात, बायकोपासून दूर राहतात, एकवेळच्या जेवणावर राहतात. वारीत चालणाऱ्या माणसाला थांबवून तुळशीमाळ हातात घेऊन पाहण्याचे धाडस आपण करत नाही. बुध्याचा टोप ओढून पाहणे किंवा त्याच्या अंगावरच्या रंगाला बोट लावणे हे त्याहून कमी नाही. त्यांना स्पर्श करू नये, वाट अडवू नये, एकत्र उभे राहून सेल्फी काढायला सांगू नये. गेर समोरून येत असेल तर बाजूला होऊन तिला जाऊ द्यावे.

रात्रभर नाच चालतो. एक गेर थांबली की दुसरी धरते, धुळीचा लोट उठलेला असतो आणि ढोलांचा आवाज छातीत बसतो. पाहुण्याने यजमानांपासून फार लांब जाऊ नये आणि हरवल्यास भेटायची एक खूण, एखादे झाड किंवा दुकान, आधी ठरवून ठेवावी. मुलांना सोबत आणले असेल तर त्यांना मध्यरात्रीनंतर घरी झोपवलेले बरे. स्त्रिया एकट्या आल्या असतील तर त्यांनी यजमानांच्या घरातील बायकांबरोबर बसावे. तेथून दिसतेही चांगले आणि गाण्यांचा अर्थ सांगणारे कोणीतरी शेजारी मिळते. होळीत गायली जाणारी गाणी लोल म्हणून ओळखली जातात. त्यांत देव आहेत, थट्टा आहे, आणि सरकारी साहेबांवरचे टोमणेही आहेत.

पहाटे, उजाडायच्या सुमारास पूजा होते आणि संस्थानच्या वारसांच्या उपस्थितीत होळी पेटते. खजूर, डाळ्या, हार-कंगण, नारळ तेव्हा वाहतात. दांडा जळून झुकू लागला की माणसे त्या दिशेने धावतात. चेंगराचेंगरीचा धोका नेमका तेव्हाच असतो. म्हणून पेटवण्यापूर्वीच मागे, चढाच्या बाजूला जागा धरावी. धुळवडीचा रंग उडवण्याची आपल्याकडील पद्धत तेथे नेऊ नये.

कॅमेरा

गेल्या काही वर्षांत काठीला छायाचित्रकारांची संख्या इतकी वाढली आहे की काही वेळा बुध्याभोवती गेरपेक्षा कॅमेऱ्यांचे कडे मोठे दिसते. नाचाचा सर्वसाधारण फोटो काढायला कोणी मनाई करत नाही. एका माणसाचा जवळून फोटो काढायचा असेल तर त्याला विचारावे. नवसातील माणसाला पाळणुकीच्या काळात ते नको असू शकते. पूजेचे, घरातील देवाचे, अंघोळीला किंवा पाण्याला निघालेल्या स्त्रियांचे फोटो काढू नयेत. रात्री तोंडावर फ्लॅश मारू नये. ड्रोन उडवायचाच असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी आणि गावाची संमती दोन्ही घ्यावी. माझ्या मते उडवूच नये, कारण त्याच्या घरघरीने पूजा करणाऱ्यांचेही लक्ष उडते. फोटो काढण्यासाठी पैसे देण्याची प्रथा काही जणांनी पाडली आहे. ती वाढवू नये. पैसे द्यायचे असतील तर यजमानांना विचारून गावाच्या होळीच्या वर्गणीत द्यावेत.

काय विचारावे, काय विचारू नये

दोन दिवस राहिलात की प्रश्न सुचतातच. शेती, जंगल, बी-बियाणे, झाडांचे उपयोग, नाती, जुन्या होळ्या यांविषयी विचारले तर लोक तासन्‌तास बोलतात. लग्नाविषयी बोलताना मात्र जपावे. मुलाच्या घरून मुलीच्या घरी जी रक्कम जाते तिला देज म्हणतात आणि ती पंचांच्या बैठकीत दोन्ही बाजूंनी घासाघीस होऊन ठरते. मुलगा-मुलगी एकमेकांच्या मर्जीने निघून गेले, तरी पुढे जाणती माणसे बसतात आणि देज ठरवून नाते जोडतात. ‘म्हणजे तुम्ही मुलगी विकत घेता का’ असा प्रश्न आपल्यातील शिकलेल्या माणसांनी विचारलेला मी ऐकला आहे. १९६१ मध्ये कायद्याने बंद झालेला हुंडा ज्या समाजात मानपान या नावाने आजही चालतो, त्या समाजातील माणसाने हा प्रश्न गिळलेला बरा. देज वाढत चालल्याने गरीब मुलांची लग्ने अडतात, कर्ज होते, याची चर्चा आदिवासी समाजात स्वतःच चालू आहे आणि काही गावांनी त्यावर मर्यादाही घातल्या आहेत.

या समाजाला स्वर्ग मानून परतणेही चुकीचे आहे. कुपोषण, दूरचे दवाखाने, कामासाठी होणारे स्थलांतर, एखाद्या बाईवर डाकीण असल्याचा आळ हे सारे येथे आहे आणि त्यावर काम करणारी माणसेही येथलीच आहेत. या गोष्टी पहिल्या भेटीत उकरून काढू नयेत. कोणी सांगू लागले तर मध्ये न बोलता ऐकून घ्यावे. वनहक्काच्या दाव्यांची कागदपत्रे कोणी दाखवायला आणली, तर २००६ च्या कायद्याविषयी ठाऊक असेल तेवढेच सांगावे आणि करून देतो असे आश्वासन देऊ नये. डोंगरातील माणूस असा शब्द धरून ठेवतो आणि पुढल्या होळीला त्याविषयी विचारतो.

निघताना आणि परतल्यावर

निघताना यजमानांच्या हातात पैसे ठेवू नयेत, त्यांना अवघडल्यासारखे होते. घरातील मुलाच्या शाळेला काही लागत असेल तर ते विचारून पाठवावे, किंवा त्यांना आपल्या घरी येण्याचे आमंत्रण द्यावे आणि ते आले तर त्यांनाही घरातली चांगली जागा द्यावी. पाहुणचाराची फेड तेथे पाहुणचारानेच करतात.

काढलेले फोटो समाजमाध्यमांवर टाकताना गावाचे नाव आणि प्रसंग अचूक लिहावा; ‘रहस्यमय जमात’ असल्या ओळी लिहू नयेत, कारण ते फोटो धडगाव-मोलगीच्या तरुणांच्या फोनवर दुसऱ्या दिवशी पोहोचलेले असतात. यजमानांच्या घरच्यांचे फोटो मात्र कागदावर छापून पाठवावेत. टपालापेक्षा आठवडे बाजाराच्या दिवशी ओळखीच्या दुकानदाराकडे किंवा आश्रमशाळेच्या शिक्षकांकडे ठेवणे अधिक खात्रीचे असते. पाकिटावर नाव, वडिलांचे नाव, गाव आणि पाडा हे चारही लिहावे, कारण एकाच नावाची आणि एकाच आडनावाची पाच-सहा माणसे एका गावात सहज असतात.